तोरसकर काकांचा मिक्सर

तोरसकर काका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चपला दाराबाहेर काढतात, हॉलच्या मधोमध येऊन उभे राहतात आणि एकच टाळी वाजवतात. खणखणीत. मग मान तिरकी करून, डोळे अर्धवट मिटून, ती टाळी कुठे कुठे फिरून आली ते ऐकतात. त्यानंतरच विचारतात, "बसू का?"

आम्ही खारघरला राहायला आलो त्या आठवड्यात ते असेच आले. मी खोक्यांच्या ढिगाऱ्यात बसून कपबश्या उलगडत होते. दार उघडंच होतं. टाळी ऐकून दचकले, तर समोर एक उंच, सडपातळ गृहस्थ. पांढरा हाफ शर्ट, खिशाला टेस्टर.

"बाई, तुमचा हॉल फार ओला आहे," ते म्हणाले.

मी घाबरून भिंतींकडे पाहिलं. नवीन बिल्डिंग, वर गच्ची, ओल आली तर बिल्डर फोन उचलणार नाही, हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं.

"पाण्याने नाही हो. आवाजाने ओला. पडदे लावा, सोफा कापडाचा घ्या, पुस्तकांचं कपाट त्या भिंतीला टाका. वाळेल." मग हात जोडून म्हणाले, "मी तोरसकर. शेजारचा."

मी शाळेत भूगोल शिकवते, साताऱ्याकडची आहे, आणि ओला हॉल हा प्रकार माझ्या अभ्यासक्रमात कधी नव्हता. पण मी कपाट त्या भिंतीला टाकलं आणि खरंच घरात बोललेलं नीट ऐकू यायला लागलं. तेव्हापासून आमची ओळख. मी त्यांना काका म्हणते, ते मला बाई म्हणतात.

काकांना जग दिसायच्या आधी ऐकू येतं. माणसाचं वर्णन करायला सांगितलं की आपण उंची, रंग, चष्मा सांगतो. काका सांगतात, "खर्जाचा माणूस आहे." आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरत यांच्याबद्दल त्यांचं मत असं : "बास भरपूर, ट्रेबल भरपूर, मधे काही नाही. म्हणून मीटिंगमध्ये आवाज होतो पण शब्द कळत नाहीत." आमच्या ह्यांच्या घोरण्याबद्दल, जे मधल्या भिंतीतून त्यांच्याकडे जातं, त्यांनी तक्रार कधीच केली नाही. उलट एकदा लिफ्टमध्ये ह्यांना म्हणाले, "साहेब, तुमचं घोरणं छान आहे. पट्टी सोडत नाही." ह्यांना रागवावं की आभार मानावेत, ते तळमजल्यापर्यंत ठरवता आलं नाही.

काका तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. टाक्यांवरची मीटरं आणि नळ्यांमधले दाब सांभाळणं हे त्यांचं काम. पण त्या कंपनीची आठवण निघाली की ते मीटरबद्दल बोलत नाहीत, बसबद्दल बोलतात. कोपरखैरण्याहून तळोज्याला कंपनीची बस जायची. वाटेत दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरे ढीग, खाडीचा वास. खारघर म्हणजे डोंगर आणि गवत. बसमध्ये गाणी चालायची आणि त्या गाण्यांतूनच एक कला मंडळ उभं राहिलं. स्टोअर्समधले कदम गाणी लिहायचे. बॉयलरवरचे साळवी हार्मोनियम वाजवायचे. बोनकोड्याचे बाळाराम घरत ढोलकी. आणि तोरसकरांची बायको, शालिनीकाकू, गायला.

"काय आवाज होता हो तिचा," काका म्हणतात. पुढे विशेषणं लावत नाहीत. नुसती मान हलवतात.

या मंडळाने कदमांचं एक गाणं एकदा दादरच्या एका स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं होतं. तिथे मोठ्या रिळांचं आठ ट्रॅकचं मशीन होतं. कॅसेट काही निघाली नाही. कदमांची बदली झाली, साळवी गावी गेले, मंडळ विरलं. पण रीळ काकांकडे राहिलं. पुढे तो स्टुडिओ बंद पडायला आला तेव्हा काकांनी ते मशीनही टेम्पोत घालून घरी आणलं.

हे मशीन त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी उभं असतं. वर काकूंनी विणलेलं क्रोशाचं झाकण. आकार असा, की कामवालीने पहिल्या दिवशी त्याचं दार शोधून त्यात चादरी टाकायचा प्रयत्न केला होता.

"आठ ट्रॅक म्हणजे काय हो काका?" मी एकदा विचारलं.

"सोपं आहे. साध्या टेपवर सगळे एका ताटात जेवतात. आमटी, भात, श्रीखंड, सगळं एक. मग मागाहून तुम्ही म्हणालात, आमटी कमी करा, तर नाही करता येत. ह्याच्यात प्रत्येकाला वेगळं पान. ढोलकीचं वेगळं, पेटीचं वेगळं, गाणाऱ्याचं वेगळं. आणि कुणाचं किती वाढायचं ते ठरवणारा जो वाढपी, तो मिक्सर."

वाढपीच नव्हता. मशीन मिळालं, पण स्टुडिओचा मिक्सर आधीच दुसऱ्या कुणी नेला होता. नोकरी, कोपरखैरण्याचं घर सोडून खारघरला येणं, मुलीचं लग्न होऊन तिचं कॅनडाला जाणं, या सगळ्यात ते राहूनच गेलं. आता निवृत्तीनंतर काकांना मिक्सर हवा होता. बदलापूरहून साळवींच्या मुलाला बोलवायचं, काकूंना गायला बसवायचं, पुन्हा रेकॉर्डिंग करायचं, असा बेत.

"मला मिक्सर घ्यायचाय. कुणाच्या माहितीत चांगला असल्यास कळवावे," असं त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत चटणीचं भांडं, जाराची क्षमता आणि इडलीचं पीठ यांवर इतके सल्ले आले की काकांनी फोन उलटा ठेवला. दुसऱ्या विंगमधल्या एक बाई तर स्वतःचा जुना मिक्सर फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. काकांनी तो घेतला, प्लगला लावला, थोडा वेळ ऐकला आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय." दुरुस्त करून परत दिला.

मग आम्ही हिंडायला लागलो. आम्ही म्हणजे मी, कारण गाडी माझी.

वाशीच्या दुकानातला मुलगा फार गोड होता. त्याने काचेच्या टेबलावर एक चपटा, चकचकीत मिक्सर ठेवला. "काका, सोळा चॅनल. ब्लूटूथ पण आहे."

"सोळा आत. बाहेर किती?"

"बाहेर दोन ना. लेफ्ट, राइट."

"म्हणजे सोळा माणसं दारातून घ्यायची आणि दोघांनाच बाहेर सोडायचं. बाकीच्यांचं काय करता?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला.

"आणि परत?" काकांनी विचारलं. "मशीनवरून परत आलेला आवाज कुठे घेता?"

"परत घेत नाही काका. पण रिटर्न पॉलिसी आहे."

आत किती, बाहेर किती, परत किती. त्या वर्षी हे तीन प्रश्न मी इतक्या वेळा ऐकले की एकदा वर्गात नद्या शिकवताना तोंडातून तेच आलं. पण काकांचं म्हणणं मला हळूहळू कळायला लागलं होतं. रेकॉर्डिंग करायचं तर मिक्सरमधून मशीनकडे आठ वाटा हव्यात. आणि आधी रेकॉर्ड झालेलं ऐकत ऐकत पुढचं गायचं, तर मशीनकडून मिक्सरकडे परतीच्या आठ वाटा हव्यात. आजकालच्या मिक्सरना या सगळ्याची गरज नाही, कारण पुढे कॉम्प्युटर असतो.

"मग कॉम्प्युटरवरच करा की काका," मी एकदा म्हटलं. "सगळं होतं म्हणे त्याच्यावर."

"होतं," काका म्हणाले. "पण कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस कॉम्प्युटरकडे बघत बसतो." यात न पटण्यासारखं काय आहे ते मला कळेना, म्हणून मी सोडून दिलं.

या सगळ्या काळात शालिनीकाकू काय म्हणत होत्या? काहीच नाही. काकू म्हणजे नेटकी साडी, छोटं कुंकू आणि चेहऱ्यावर एक कायमचं हसू. मी म्हणायचे, "काकू, मेथी काय भाव मिळाली?" त्या म्हणायच्या, "हो हो, बसा ना." मी म्हणायचे, "मुलीचा फोन आला का?" त्या म्हणायच्या, "छानच!" आणि काका लगेच मधे पडून भलतंच काहीतरी सुरू करायचे. सोसायटीत बायका त्यांना शिष्ट म्हणायच्या. त्यात त्या वर्षी गणपतीत काकूंनी आरतीला आवाज लावायचं नाकारलं. इतकी वर्षं सुरुवात त्याच करायच्या. "घसा धरलाय तिचा," काका म्हणाले. बायका एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "भाव खातायत."

दिवाळीनंतर काकांमध्ये एक बदल झाला. आत, बाहेर, परत हे प्रश्न बंद झाले. आता कुठलाही मिक्सर दिसला की ते चष्मा कपाळावर चढवून, नाक टेकेल इतकं वाकून, एकाच जागी बघायचे.

"मधलं बघतोय," ते म्हणाले. "हे बघा. प्रत्येक चॅनलवर तीन बटणं. खालचा आवाज, वरचा आवाज, मधला आवाज. कमी करा, जास्त करा. पण मधला म्हणजे नेमका कुठला? मधे किती घरं आहेत! काही मिक्सरवर त्याच्या जोडीला अजून एक बटण असतं, नेमकं कुठल्या घराची बेल वाजवायची ते ठरवणारं. मला ते पाहिजे. आठही चॅनलवर पाहिजे."

ठाण्याला एका गृहस्थांकडे जुना स्टुडिओचा मिक्सर विकायचा आहे असं कळलं. शाळेला सुट्टी होती, गेलो. काकांनी त्यांच्या हॉलमध्ये टाळी वाजवली. गृहस्थांनी प्लॅस्टिकचं आवरण काढलं आणि मलाही कळलं की हा तो. बाहेर जायच्या आठ वाटा, परतीच्या आठ वाटा, सगळं सरळ रांगेत, दाढी केल्यासारखं स्वच्छ. मी मनातल्या मनात गाडीची मागची सीट पाडून तो आत कसा बसेल त्याचा हिशेब मांडला. काका वाकले. पहिल्या चॅनलपासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवत गेले. सरळ झाले.

"नको," ते म्हणाले. "मधलं एकच आहे."

ऐरोलीच्या पुलापर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

"बाई, रागावलात?"

"रागावले नाही काका. पण रेकॉर्डिंगला लागतं ते सगळं त्यात होतं. तुम्हीच म्हणायचात."

"रेकॉर्डिंग कुणाला करायचंय आता," काका म्हणाले, आणि खिडकीतून खाडीकडे बघत बसले.

शेवटी मिक्सर मिळाला तो पनवेलला, हळदीच्या कार्यक्रमांना ऑर्केस्ट्रा घेऊन जाणाऱ्या एका माणसाकडे. इतका मार खाल्लेला मिक्सर मी पाहिला नव्हता. एक कोपरा चेपलेला, अर्धी टोपणं उडालेली आणि सगळ्या खाचांत हळद. खरी हळद. नवरदेवाला लावून उरलेल्या हळदीच्या हातांनी लोक बटणं फिरवत असणार. काका वाकले, हळद खरवडली आणि खालून ते दुसरं बटण निघालं. एकेक करून आठही चॅनलवर निघालं.

"हाच," काका म्हणाले. मशीनकडे जाणाऱ्या वाटा त्यात मोजून दोन होत्या. मला फक्त माझ्या सीटच्या कव्हरची काळजी होती.

घरी आल्यावर काकूंनी तो पिवळा मिक्सर बघितला, आत गेल्या आणि निरांजन घेऊन आल्या. "हळद लागलेला घरात आलाय, ओवाळायला नको?" त्या म्हणाल्या. काका इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

जोडणी शनिवारी होती. काकांनी आठ वायरी स्वतः तयार केल्या होत्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना कागद चिकटवून नाव लिहिलं होतं. ट्रॅक एक, ट्रॅक दोन असं नाही. साळवी. बाळाराम. कदम आणि मंडळी. एका वायरीवर नुसतं शालू.

माझं काम मशीनच्या मागे बसून सांगितलेली वायर द्यायची आणि काका दमले तर लावायचीही. काकांनी रीळ चढवलं, सुरू केलं आणि पेटीच्या जागी पत्रा फाडल्यासारखा आवाज आला.

"बंद! बंद! बाई, साळवींना कुठे घातलंत?"

"या भोकात."

"अहो, हा माइकचा दरवाजा! इथे लोक कुजबुजतात, म्हणून मिक्सर कानाला हात लावून ऐकतो. टेप येते ती ओरडत येते. कुजबुजीच्या दारात जाऊन बोंब मारलीत तर काय होईल? शेजारचं भोक. लाइनचं."

साळवींना शेजारच्या भोकात घातल्यावर पेटी पेटीसारखी वाजली. पण तिच्या मागे एक गुंगाट होता. गुंऽऽऽ असा. टेप थांबवली तरी तो थांबेना. काकांचा चेहरा पडला. त्यांनी फ्रिज बंद केला. पंखे बंद केले. आमच्याकडे येऊन आमचा फ्रिज बंद केला. खालच्या मजल्यावर माशांच्या टाकीचा पंप बंद करायला लावला. गुंगाट तसाच. आम्ही सगळे दाढदुखी झाल्यासारखी तोंडं करून फिरत होतो आणि काकू मात्र स्पीकरच्या शेजारीच बसून शांतपणे मेथी निवडत होत्या. किती सोसतात ही माणसं, असं मला वाटलं.

मग काका दिसेनासे झाले आणि थोड्या वेळाने जिन्यातून घरतांचा आवाज आला. घरत मूळचे बोनकोड्याचे. एरवी सोसायटीत ते आमच्यासारखंच बोलतात, पण चिडले की गावचं बोलणं वर येतं.

"काका! लिफ्टचा मेन कोनी बंद केला? काय चाललाय तुमचा? आय माजी लिफ्टमदी हाय!"

"दोन मिनिटं रे! आवाज तिथून येतो का बघतोय!"

"आयचा आवाज येतंय! शिव्या देतेय!"

लिफ्ट सुरू झाली. घरतांच्या आई बाहेर आल्या आणि त्यांनी काकांना जे ऐकवलं त्यात खालचं, मधलं, वरचं, सगळं व्यवस्थित होतं.

गुंगाटाचं कारण काकांना रविवारी सकाळी सापडलं. आंघोळ करताना, म्हणे. मशीनचा प्लग हॉलमध्ये होता आणि मिक्सरचा प्लग, वायर पुरावी म्हणून, बेडरूममध्ये. दोघांची अर्थिंग वेगळ्या वाटांनी जात होती आणि त्या दोन वाटांचं आपसात भांडण लागलं होतं. दोन्ही प्लग एका बोर्डावर आणले आणि गुंगाट असा थांबला की कान हलके झाले. काकांनी ओलं डोकं न पुसताच माझी बेल वाजवली. "चला. आणि घरतलाही बोलवा. त्याची माफी मागायचीय."

घरत आले ते भांडायच्या तयारीने आले. दारातच उभे राहिले. काका म्हणाले, "बस. आधी एक ऐक." त्यांनी मिक्सरवरच्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या बाकी सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या आणि बाळाराम लिहिलेल्या वायरीची पट्टी वर केली.

नुसती ढोलकी. अगदी जवळून, जणू हॉलमध्ये मांडी घालून कुणी वाजवत होतं. वादी ओढल्याचा आवाज, मग एक खोकला, मग ठेका.

घरत बसले. खोकला ऐकला तेव्हाच त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"ह्यो माजा बापूस हाय," ते म्हणाले.

"बाळारामच. दुसरा कोण असा हात मारणार?"

घरतांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी आईला फोन लावला आणि फोन स्पीकरसमोर धरून ठेवला. आदल्या दिवशीची लिफ्ट तिथेच मिटली.

मग काकांनी एकेकाला वर आणलं. साळवींची पेटी आली. टाळ आला. कदम आणि मंडळी आली. आणि मग शालू. खाडीवरून वारा येतो, मीठ ओठांवर ठेवून जातो, अशी काहीतरी ओळ होती. तो आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही. पाणी घातलेल्या अंगणासारखा होता. मी काकूंकडे वळून म्हणणार होते, की काकू, हे तुम्ही? पण काकू नेहमीचं हसू हसत होत्या. आम्ही सगळे कसे खूश दिसतोय ते बघून हसत होत्या.

गाणं संपलं. काकांनी रीळ मागे घेतलं, पुन्हा लावलं आणि सगळं बिघडवायला सुरुवात केली.

दुसरा शब्द नाही त्याला. त्यांनी ढोलकी जवळजवळ नाहीशी केली. पेटीचा खालचा भाग काढून टाकला. मग शालूच्या चॅनलवरचं ते हळदीतलं बटण धरलं आणि मधला आवाज चढवत नेला. चढवत नेला आणि सरकवत नेला. इतका गोड गळा पत्र्यासारखा, कानाला टोचणारा व्हायला लागला. घरत माझ्या कानाशी कुजबुजले, "काकांचे कान गेले वाटतं."

मलाही तेच वाटलं. मी काकांकडे पाहिलं. ते मिक्सरकडे बघतच नव्हते. हात बटणावर होता आणि डोळे काकूंच्या चेहऱ्यावर. एवढंसं फिरवायचे, थांबायचे, बघायचे. पुन्हा एवढंसं. एखाद्याच्या तोंडात घास घालताना आपण बघतो तसं.

आणि काकूंचं ते कायमचं हसू गेलं. चेहरा एकदम गंभीर झाला, तरुण झाला. मान थोडी पुढे आली. ओठ हलायला लागले.

"अहो," त्या म्हणाल्या. "ही मी."

काकांनी मान हलवली. हात जिथे होता तिथेच ठेवला.

गाणं संपलं. मग काकूंनी माझा हात धरला. "बाई, मला दोन वर्षं नीट ऐकू येत नाही. वरचे सूर तर गेलेच, मधे कुठेतरी थोडे उरलेत. दिवाळीत डॉक्टर म्हणाले, गेलेले परत येणार नाहीत. कानाचं मशीन दिलंय, ते आहे कपाटात. बोलणं कळतं त्याने थोडंफार, पण गाणं लावलं की डब्यात वाळू हलवल्यासारखं होतं. मीच ह्यांना म्हटलं होतं, कुणाला सांगू नका. गाणारी बाई बहिरी झाली म्हणतील." आणि म्हणाल्या, "तुमच्या मेथीचं मला काहीच कळत नव्हतं हो."

मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. मी नुसता हात धरून राहिले.

काकू काकांकडे वळल्या. "दुसऱ्या कडव्यात मी मधेच श्वास घेतलाय. 'ठेवून' आणि 'जातो' तोडलंय. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"ऐकलं होतं गो," काका मोठ्याने म्हणाले. "स्टुडिओवाला म्हणत होता, परत घेऊ. मीच नको म्हटलं. आवडला होता मला तो श्वास."

"काहीतरीच," काकू म्हणाल्या. "ढोलकी थोडी द्या. बाळारामभाऊंशिवाय कसं वाटतं ते?"

"ढोलकी दिली की तू जातेस."

"थोडी द्या म्हणते मी!"

घरत डोळे पुसत निघून गेले. मीही उठले, पण काकांनी हाताने थांबवलं. त्यांनी कपाटातून जाडजूड हेडफोन काढले, मिक्सरला लावले आणि काकूंच्या डोक्यावर बसवले. अंबाडा आड येत होता, तो हलकेच खाली केला. मग स्पीकर बंद करून रीळ तिसऱ्यांदा सुरू केलं.

हॉलमध्ये आता काहीच वाजत नव्हतं. रिळं फिरत होती तेवढीच. काकूंनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि थोड्या वेळाने त्या गायला लागल्या. स्वतःच्याच तरुण आवाजाबरोबर, जो आम्हाला ऐकू येत नव्हता. स्वतःचा आजचा आवाज त्यांना ऐकू येत नसणार, कारण त्या चांगल्याच मोठ्याने गात होत्या. तो आता जाडा झाला होता. वरच्या सुराला पोहोचता पोहोचता घसरत होता. दुसऱ्या कडव्यात त्यांनी श्वास घेतला नाही. दम कोंडून ओळ पुरी केली आणि डोळे मिटलेलेच ठेवून जिंकल्यासारखी मान उडवली.

काका मिक्सरपासून उठले होते. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आवाज न करता उचलून आणली, काकूंच्या समोर मांडली आणि दोन्ही हात गुडघ्यांत घालून ऐकत बसले.

मी बाहेर आले. दाराची कडी वाजू नये म्हणून ती बोटाने धरून ठेवली आणि दार अगदी सावकाश ओढून घेतलं.